एक दिवस आधीं

"तुम्ही होतां म्हणून निभावलें, आमच्यानें कांहीं झालें नसतें." हें वाक्य आम्हीं लहानपणापासून इतक्या वेळां ऐकलेलें आहे कीं, त्याच्या मागोमाग येणारा सुस्कारासुद्धां आम्हांस पाठ झाला होता. साताऱ्यास आमच्या घराच्या ओटीवर बसून, चहाचा रिकामा कप खालीं ठेवतां ठेवतां, मामांनीं, मावशीनें, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं, बाबांच्या कचेरींतील मंडळींनीं तें आमच्या आईला ऐकविलें. आई त्यावर कांहीं बोलत नसे. कपबशी उचलून ती आंत जाई. या वाक्यांत स्तुति आहे अशी आमची पुष्कळ वर्षें समजूत होती. 'तेव्हां आम्ही कांहीं येणार नाहीं' हा त्याचा दुसरा अर्थ ध्यानांत येण्यास आमच्या वयाचीं पन्नास वर्षें उलटावीं लागलीं. आणि ज्याला दुसऱ्यांच्या वाक्यांचे अर्थ सांगण्याबद्दल दरमहा वेतन मिळतें त्याला हें भूषणावह नाहीं.

आमचा धाकटा बंधु बाळू १९७४ सालीं जन्मला. तो आमच्याहून सहा वर्षांनीं लहान. दोन वर्षांचा झाला तरी पाऊल टाकीना, अंग सैल, जीभ ओठांबाहेर. म्हणून बाबा त्याला घेऊन पुण्यास एका मोठ्या रुग्णालयांत गेले. तेथील डॉक्टरांनीं कागदावर रोगाचें नांव म्हणून 'मंगोल' एवढा एकच शब्द लिहिला. त्या रात्रीं आम्हीं शाळेचा नकाशासंग्रह उघडून मंगोलिया देश शोधून काढला, आणि आमच्या घरांत इतक्या लांबचा मुलगा कसा आला, असें आईला विचारलें. आईनें नकाशा मिटून फळीवर ठेवला.

हें नांव १८६६ सालीं लँग्डन डाउन या इंग्रज वैद्यानें मुलांच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून दिलेलें होतें. पुढें १९५९ सालीं फ्रान्समध्यें लजन व त्यांचे सहकारी यांनीं अशा मुलांच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोहोंऐवजीं तीन प्रती असतात हें दाखविलें. १९६५ सालीं खुद्द मंगोलियाच्या प्रतिनिधींनीं जागतिक आरोग्य संघटनेकडे हें नांव टाकून देण्याची मागणी केली. आमच्या घरचा कागद त्यानंतर अकरा वर्षांनीं लिहिला गेला. पॅरिसहून पुण्यापर्यंत यावयास ज्ञानाला वेळ लागतो, हें आम्ही आमच्या धंद्यामुळें जाणतों. म्हणून त्या डॉक्टरांस आम्ही फारसा दोष देत नाहीं.

त्यांनीं तोंडीं आणखी एक गोष्ट सांगितली होती: "असलीं मुलें विशीच्या पुढें सहसा जात नाहींत." हेंही त्या काळच्या मानानें चूक नव्हतें. अमेरिकेसारख्या देशांतही १९८३ च्या सुमारास अशा व्यक्तींचें सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होतें. आज तें साठीच्या घरांत आहे. हृदयाच्या जन्मजात दोषांवर लहानपणींच शस्त्रक्रिया होऊं लागल्या, छातीच्या विकारांवर गुणकारी औषधें मिळूं लागलीं, आणि जीं मुलें पूर्वीं मोठमोठ्या संस्थांच्या कोपऱ्यांत टाकलीं जात तीं आपापल्या घरीं वाढूं लागलीं. यामुळें एका पिढींत आयुष्य दुपटीहून अधिक वाढलें. पूर्वीं अशीं मुलें बहुधा आईच्या मांडीवर डोळे मिटीत. आतां तीं आईला पोंचवूं लागलीं आहेत. वैद्यकानें आयुष्य दिलें. त्या आयुष्याच्या उत्तरार्धांत हात कोणीं धरावयाचा, हें ठरविण्याचें काम वैद्यकाचें नव्हतें. तें आणखी कोणाचें आहे, हें मात्र अद्याप कोणीं ठरविलेलें नाहीं.

आईनें तीं वीस वर्षें मोजलीं. बाळूला ताप आला कीं ती मोजी, खोकला झाला कीं मोजी. १९९४ सालीं त्याला विसावें वर्ष पुरें झालें त्या दिवशीं तिनें पुरण घातलें व आळींत वाटलें. आम्ही त्या वेळीं एम्. ए. होऊन नुकतेच पुण्यास नोकरीला लागलों होतों. त्या पुरणपोळ्यांकरितां आम्ही मुद्दाम साताऱ्यास गेलों, आणि आई आतां निश्चिंत झाली असें मनांत म्हणत परत आलों. तोंपर्यंत तिला मुलगा जाईल ही भीति होती. तेव्हांपासून तो आपल्यामागें उरेल ही भीति सुरू झाली, हें आमच्या गांवींही नव्हतें.

असल्या घरावर सांत्वनाचा पाऊस फार पडतो. आमच्याकडे येणाऱ्यांचे दोन पक्ष होते. एक पक्ष पूर्वसंचितवाल्यांचा. त्यांच्या मतें आईबापांनीं मागच्या जन्मीं कांहीं तरी केलेलें असलें पाहिजे. दुसरा पक्ष अधिक सुसंस्कृत. त्याचे लोक भागवताच्या पांचव्या स्कंधांतील जडभरताची कथा सांगत. राजा रहूगणाची पालखी वाहणारा तो मूढ दिसणारा ब्राह्मण वस्तुतः ज्ञानी होता. त्याप्रमाणें बाळूही कोणी योगभ्रष्ट आत्मा असून, सेवेसाठीं देवानें मुद्दाम हें घर निवडलें आहे. पहिला पक्ष आईला अपराधी ठरवी, दुसरा तिला देवी ठरवी. आणि दोन्ही पक्षांचे लोक सहाच्या गाडीनें परत जात. अपराध्याला दमण्याचा अधिकार नसतो, तसा देवीलाही नसतो. आज याच भावनेला इंग्रजी वळण येऊन 'विशेष मुलें विशेष आईबापांनाच मिळतात' असें म्हणण्याची चाल पडली आहे. आम्हांस ती जडभरताहून बरी वाटत नाहीं.

बाबांच्याविषयीं थोडें लिहिलें पाहिजे. ते वाईट नव्हते. पगाराची पै न् पै त्यांनीं आईच्या हातीं दिली. बाळूवर कधीं हात उगारला नाहीं. परंतु ते सकाळीं फिरावयास जात, दिवसभर कचेरींत असत, आणि संध्याकाळीं देवळांत पुराण संपेपर्यंत बसत. बाळूचें बोट धरून ते रस्त्यानें गेल्याचें आम्हांस एकदांही स्मरत नाहीं. २००३ सालीं ते वारले. त्यांच्या टेबलाच्या खणांत आम्हांला १९८२ सालचें एक टिपण सांपडलें. बिने यांची मूळ बुद्धिमापनपद्धति कामत यांनीं आपल्याकडील मुलांसाठीं बसविली होती. तिच्या आधारें बाळूची जी परीक्षा झाली तिचा तो निकाल: बुद्ध्यंक ३८. त्या आंकड्याखालीं बाबांनीं निळ्या शाईनें दोन रेघा ओढल्या होत्या. एकवीस वर्षें तो कागद त्यांनीं जपून ठेवला, आणि त्याविषयीं घरांत चकार शब्द काढला नाहीं. पुरुषांचें दुःख कोठें राहतें, असा कोणीं प्रश्न केला तर आम्हांस तो खण आठवतो.

आईचा दिवस कसा जाई तें आम्ही सांगूं शकत नाहीं; आम्ही अभ्यास करीत होतों. एवढें सांगतां येतें कीं, बाळूला आंघोळ, दांत घासणें, सदऱ्याच्या गुंड्या, चप्पल कोणत्या पायांत कोणती, हें एकेक शिकविण्यास तिनें वर्षें घातलीं. आणि तो तें शिकला. देवाच्या वाती तो आईहून सरस वळूं लागला. त्या वेळीं अशा मुलांची शाळा आमच्या गांवीं आमच्या ऐकिवांत नव्हती. मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या मुलीसाठीं १९४४ सालीं सुरू केलेली शाळा होती, पुण्यास सिंधुताई जोशी यांनीं १९६४ सालीं स्थापन केलेली 'कामायनी' होती. पण साताऱ्याहून तीं नांवें काशी-रामेश्वरासारखीं वाटत. आई आपल्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला गेली नाहीं. नाटक, सिनेमा, हळदीकुंकू तिनें सोडून दिलें. कोणीं बोलावीत नसत म्हणून नव्हे, तर 'त्याला घेऊन या' असें कोणी म्हणत नसत म्हणून.

याला अपवाद एक. खालच्या आळींत एक शिंप्याचें दुकान होतें. त्यांच्या घरच्या बाईंस आम्ही काकू म्हणत असूं. या काकूंनीं आईची कधीं स्तुति केली नाहीं, आणि जडभरताचें नांव त्यांनीं ऐकलें असेल असें वाटत नाहीं. दर गुरुवारीं दुकान बंद असे. जेवणें झालीं कीं त्या ओटीशीं येऊन उभ्या राहत व म्हणत, "चल रे बाळू, कामाला." मग बंद दुकानांत बाळूपुढें त्या गुंड्यांचा मोठा पत्र्याचा डबा उपडा करीत, आणि पांढऱ्या एकीकडे, काळ्या एकीकडे, पितळी एकीकडे, अशा निवडून तो दोन तास घामाघूम होऊन परत येई. काकू त्याच्या हातावर चार आणे ठेवीत. काकूंनीं त्या गुंड्या पुढच्या गुरुवारपर्यंत पुनः एकत्र कालविलेल्या असत, हें आम्हांस पुष्कळ दिवसांनीं कळलें. ते दोन तास आई झोपत असे. आठवड्यांतून दिवसाची तेवढीच झोप. वीस वर्षें हा क्रम चालला.

भावंडांच्या मनाविषयीं कोणी विचारीत नाहीं, आणि आम्हीही तो विषय वाढवीत नाहीं. मूल मोठें हुशार निघालें कीं आईबापांस बरें वाटतें. आमच्या घरीं आम्हांला दोघांचे मार्क एकट्यानें मिळवावयाचे होते. ते आम्हीं मिळविले. त्याबद्दल आमचें कौतुक झालें, आणि त्या कौतुकाच्या जोरावर आम्हीं घरांतील प्रत्येक कामांतून अंग काढून घेतलें. आतां एक गोष्ट सांगावयाची ती मात्र सांगितलीच पाहिजे. १९९६ सालीं आमचें लग्न ठरावयाचें होतें. मुलीकडची मंडळी साताऱ्यास घर पाहावयास येणार, तेव्हां आदल्या दिवशीं आम्हीं आईला म्हटलें, "उद्यां तेवढा बाळूला मागच्या खोलींत ठेव." आई "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशीं मंडळी अडीच तास बसलीं. तेवढा वेळ मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती, आणि आंत बाळू अगदीं गप्प होता. त्याला गप्प बसण्यास आईनें काय सांगितलें असेल, याची कल्पना आम्हीं पुढें पुष्कळ वेळां करून पाहिली. विवाहानंतर महिन्याभरानें आमच्या सौभाग्यवतींस सर्व कळलें. त्या आम्हांस कांहीं बोलल्या नाहींत. साताऱ्यास गेल्यावर बाळूच्या खोलीच्या दाराची ती कडी मात्र त्यांनीं सुतार बोलावून काढून टाकविली.

२००९ सालच्या दिवाळींत आम्ही साताऱ्यास होतों. नरकचतुर्दशीच्या पहांटे आई तुळशीपाशीं उभी होती. आम्ही मागून गेलों हें तिच्या लक्षांत आलें नाहीं. ती मोठ्यानें नव्हे पण स्पष्ट म्हणाली, "देवा, माझ्या एक दिवस आधीं याला ने."

आमच्या अंगावर कांटा आला. फराळ होतांच आम्हीं स्वयंपाकघरांत आईपुढें एक व्याख्यान दिलें. प्रत्येक जीवास जगण्याचा हक्क आहे. असा विचार मनांत आणणें हें बरें नव्हे. १९९५ व १९९९ सालीं दिव्यांगांकरितां कायदे झाले आहेत. काळ बदलला आहे. आईनें सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाली, "तूं बस. पोहे निवतील."

आम्ही पुण्यास परत आलों, आणि त्याच सत्रांत बी. ए. च्या वर्गास पर्ल बक या अमेरिकन लेखिकेची 'दि गुड अर्थ' ही १९३१ सालची कादंबरी शिकवूं लागलों. ती आम्हीं पूर्वींही दोनदां शिकविली होती. तींत वांग लुंग या शेतकऱ्याची एक मुलगी आहे. ती मंदबुद्धीची, लेखिकेनें तिला नांवसुद्धां दिलेलें नाहीं. म्हातारा झाल्यावर वांग लुंगला एकच प्रश्न छळतो: आपल्यामागें हिच्या तोंडांत घास कोण घालील? घरांत मुलगे आहेत, सुना आहेत, नातवंडें आहेत, धान्य आहे. तरी तो विषाची एक पुडी आणून आपल्या तरुण दासीच्या हातीं देतो, आणि आपण मेल्यावर ती मुलीच्या भातांत कालवावयास सांगतो. ती दासी शहारून नकार देते. मुलीचें मी करीन, असें म्हणते. त्या घरांत असें म्हणणारी तीच एक.

लेखिकेची स्वतःची मुलगी कॅरॉल १९२० सालीं चीनमध्यें जन्मली होती, आणि तिच्या बुद्धीची वाढ खुंटली होती. १९२९ सालीं तिला अमेरिकेंतील न्यू जर्सीमधील व्हाइनलंडच्या संस्थेंत ठेवण्यांत आलें, आणि तिच्या आजन्म खर्चाची तजवीज करणें हा ती कादंबरी लिहिण्यामागील एक हेतु होता. १९३८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तरी या मुलीविषयीं लेखिका उघडपणें बोलत नव्हत्या. १९५० सालीं त्यांनीं तिच्यावर पुस्तक लिहिलें तेव्हां कोठें जगास कळलें. हा सर्व वृत्तान्त आम्हांस ठाऊक होता. तरी मागील दोन्ही वेळां आम्हीं वर्गांत दुष्काळ, जमीन, कुटुंबसंस्था यांवर तास घेतले आणि त्या पुडीवरून पान उलटून पुढें गेलों. या वेळीं त्या पानावर आम्ही अडखळलों. आईची प्रार्थना आणि ती पुडी या दोन निराळ्या वस्तु नाहींत, हें आमच्या ध्यानांत आलें. आणि वांग लुंगचा अविश्वास दुष्काळावर नाहीं, दैवावर नाहीं. तो त्याच्या मुलांवर आहे. आईनें देवापाशीं मागणें मागितलें तें बाळूविरुद्ध नव्हतें. तो आमच्याविषयींचा निकाल होता. पुणें-सातारा अंतर शंभर-सव्वाशें किलोमीटर. महिन्यांतून एक रविवार आम्ही जात असूं, आणि जेवून, झोपून, बाळूच्या पाठीवर हात फिरवून परत येत असूं. तिनें पुरावा तपासून निकाल दिला होता.

विद्यार्थ्यांपुढें आम्ही हें कांहीं बोललों नाहीं. त्या दिवशींचा तास पंधरा मिनिटें आधीं सोडला.

आईची प्रार्थना देवानें ऐकली नाहीं. २०२१ सालीं ती गेली, आणि सत्तेचाळीस वर्षांचा बाळू दोन पिशव्या घेऊन पुण्यास आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहावयास आला. दुसऱ्या पिशवींत गुंड्यांचा डबा होता. काकू आतां थकल्या होत्या, तो त्यांनीं त्याच्या हवालीं केला होता. घरांत एका मनुष्यानें दिवसभर असणें आवश्यक झालें. नोकरी कोणीं सोडावी यावर आमच्या घरीं चर्चा झाली नाहीं. सौभाग्यवतींनीं मुदतपूर्व निवृत्ति घेतली. 'आपोआप' घेतली, असें आम्ही त्या वेळीं मित्रांस सांगत असूं.

मग आम्हीं या विषयावर वाचावयास आरंभ केला. प्राध्यापकाला दुःख झालें कीं तो ग्रंथालयांत जातो. तेथें सायमन ओल्शान्स्की या अमेरिकन लेखकाचा १९६२ सालचा एक लेख हातीं आला. अशा आईबापांच्या दुःखाला त्यानें जें नांव दिलें त्याला आपण 'चिरदुःख' म्हणूं. त्याचें म्हणणें असें कीं, हें दुःख म्हणजे रोग नव्हे. परिस्थितीचा तो स्वाभाविक परिणाम आहे, आणि तो आईबापांच्या मरणापर्यंत राहतो. मुलगा शाळेच्या वयाचा होतो तेव्हां, शेजारचा त्याच्या वयाचा मुलगा नोकरीस लागतो तेव्हां, तें पुनः उफाळतें. 'तुम्ही अजून मुलाचा स्वीकार केला नाहीं' असें म्हणून तज्ज्ञांनीं त्यांच्यामागें लागूं नये. त्यांना बोलूं द्यावें आणि प्रत्यक्ष मदत द्यावी. अलीकडच्या पुष्कळ संशोधनाचा रोखही असाच आहे कीं, आईचा शीण मुलाच्या बुद्ध्यंकाच्या आंकड्यावर तितका अवलंबून नसतो. मुलाचें झोपणें, हट्ट, त्याचें वागणें आणि हातास हात लावणारें कोणी आहे कीं नाहीं, यावर तो अधिक अवलंबून असतो. बाबांनीं ३८ या आंकड्याखालीं रेघा ओढल्या; ओढावयाच्या तर त्या घड्याळाखालीं ओढावयास पाहिजे होत्या.

हें ज्ञान मिळवून आम्ही सुखी झालों, आणि पूर्ववत् कॉलेजांत जाऊं लागलों. पुढच्या वर्षीं मेहुण्यांच्या घरीं कांहीं मंगल कार्य होतें. चार माणसांत बाळूची चौकशी निघाली, तेव्हां आम्हीं सौभाग्यवतींकडे हात करून मोठ्या प्रेमानें म्हटलें, "ही होती म्हणून निभावलें, माझ्यानें कांहीं झालें नसतें." त्यांनीं आमच्या पुढ्यांतील रिकामी कपबशी उचलली आणि त्या आंत गेल्या. आम्ही होतों तेथेंच बसून राहिलों. ते चारजण आमच्या पत्नीच्या थोरवीविषयीं बोलत होते.

घरीं आल्यावर आम्हीं क्षमा मागावयास सुरुवात केली. त्यांनीं मध्येंच थांबविलें. "अहो, तें राहूं द्या. मला गुरुवार पाहिजे," त्या म्हणाल्या. काकूंची हकीकत त्यांना सासूबाईंनीं सांगितली होती. आम्हांला कधीं सांगितली नव्हती. आम्हीं विभागप्रमुखांस भेटून वेळापत्रक बदलून घेतलें. तेव्हांपासून गुरुवार आमचा आहे. त्या कोठें जातात तें आम्ही विचारीत नाहीं. पहिल्या गुरुवारीं दुपारीं दोन वाजेपर्यंतच आमच्या तोंडून बाळूला दोनदां कठोर शब्द गेला, हें येथें नमूद करतों. जो बंधु आम्हांस सदा 'देवासारखा निर्मळ' वाटे, तो एक चप्पल शोधण्यास पाऊण तास लावतो व ती सांपडल्यावर दुसरी हरवितो, याचा बोध आम्हांस पंचावन्नाव्या वर्षीं झाला.

सरकारकडे कांहींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०११ च्या जनगणनेंत अशा बौद्धिक दिव्यांग व्यक्ति देशांत सुमारें १५ लाख नोंदल्या गेल्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून सज्ञान झालेल्या अशा व्यक्तीसाठीं पालक नेमून घेतां येतो. तसे आम्ही बाळूचे पालक झालों आहों. या न्यासानें आईबापांस थोडे दिवस विसांवा मिळावा म्हणून 'समर्थ' नांवाची योजना काढली, आणि मोठ्यांच्या निवासासाठीं 'घरौंदा' काढली. कागदावर हीं नांवें वाचून आमच्या डोळ्यांस पाणी आलें. प्रत्यक्षांत आमच्या सोयीच्या अंतरावर जागा मिळणें ही निराळी गोष्ट. बाबांचें कुटुंब-निवृत्तिवेतन बाळूला मिळतें. त्यासाठीं दर नोव्हेंबरांत त्याच्या हयातीचा दाखला द्यावा लागतो. आम्ही त्याला इस्त्रीचा सदरा घालून नेतों, तो खिडकीपाशीं उभा राहून "मी आहें" असें सांगतो, आणि घरीं येतांना वडापाव मागतो. वर्षांतील हा त्याचा मोठा दिवस.

गेल्या दीड वर्षापासून मात्र तो बदलत चालला आहे. एकविसाव्या गुणसूत्रावरच एक असें जनुक आहे कीं, ज्याच्या तिसऱ्या प्रतीमुळें अशा व्यक्तींच्या मेंदूंत स्मृतिभ्रंशाचा विकार इतरांच्या मानानें फार लौकर, चाळिशी-पन्नाशींतच, शिरतो. आईनें वर्षें घालून शिकविलेलें जें जें होतें तें उलट्या क्रमानें जात आहे: प्रथम वाती, नंतर चपला, आतां गुंड्या. डब्यांतील पांढऱ्या व पितळी त्याच्या हातून एकत्र पडतात, आणि तो त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहतो. रात्रीं दोनच्या सुमारास उठून तो दारापाशीं जातो आणि विचारतो, "दादा, आई कुठें गेली?" पहिल्या महिन्यांत आम्ही खरें सांगत असूं, आणि प्रत्येक रात्रीं त्याची आई नव्यानें मरत असे. आतां "झोपली आहे" असें सांगतों. सत्य बोलण्याविषयींचीं आमचीं मतें आम्हीं दिवसापुरतीं ठेविलीं आहेत.

आमची मुलगी बंगळुरास नोकरीला असते. तिनें दूरध्वनीवर आम्हांस धीर दिला: "बाबा, तुमच्यामागें काकाचं मी बघीन कीं." दहा वर्षांपूर्वीं हें ऐकून आमचा कंठ दाटून आला असता. आम्हीं तिला म्हटलें कीं, तें वचन आम्ही आज घेत नाहीं. आधीं पंधरा दिवसांची रजा काढून ये, आणि तुझ्या आईला कोठें तरी पाठवूं. ती गेल्या मे महिन्यांत आली. सौभाग्यवती बहिणीबरोबर कोंकणांत गेल्या. लग्नानंतर इतके दिवस त्या प्रथमच घराबाहेर राहिल्या. चौथ्या रात्रीं तीन वाजतां आम्ही उठून पाहतों तों, बाळू व मुलगी दोघें हॉलमध्यें जमिनीवर बसलेलीं, मध्यें गुंड्यांचा डबा उपडा केलेला. ती निवडीत होती, तो पाहत होता. तिचे डोळे लाल झाले होते.

"बाबा," ती वर न पाहतां म्हणाली, "आजी हें सगळं एकटी करायची?"

"गुरुवारीं दोन तास सोडून," आम्ही म्हणालों.

पंधरा दिवस राहून ती परत गेली. दुसऱ्या खेपेस दिवाळींत येतें, मग बोलूं, असें म्हणाली. 'मी बघीन' हें वाक्य तिनें पुनः उच्चारलें नाहीं, आणि त्यामुळेंच तिच्याविषयीं आम्हांस थोडी आशा वाटूं लागली आहे. आमच्या वकील स्नेह्यांनीं मृत्युपत्राचा मसुदा करून दिला आहे. आमच्या व पत्नीच्या पश्चात् बाळूचें संगोपन कोणीं करावें, त्या कलमांत एका नांवापुरती जागा त्यांनीं मोकळी सोडली आहे. तो मसुदा टेबलाच्या खणांत आहे. आज बुधवार, उद्यां सकाळीं आठला त्या बाहेर पडतात, त्याआधीं बाळूच्या गोळ्या कोणत्या डबींत आहेत तें विचारून ठेवावयाचें आहे.